भाऊ, जरा साइड द्या ना!

ताडोबात हॉर्न वाजवायचा नसतो. ऐकायला साधी गोष्ट, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाचा जीव इथेच अर्धा होतो. कारण साइड मागायची आपल्याला एकच भाषा येते. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून पॅं, आणि पुढच्याने हलायचं नाही असं ठरवलंच असेल तर पॅं पॅं पॅं. जंगलात ही भाषा बंद. मग एका गाडीपुरत्या कच्च्या रस्त्यावर मागच्या जिप्सीला पुढे जायचं असेल तर?

मागची जिप्सी थोडी जवळ येते. हेडलाइट एकदा लागतो, विझतो. तुमचा ड्रायव्हर आरशात बघतो, काही न बोलता पुढे थोडा रुंद भाग सापडेपर्यंत जातो, डावीकडे घेतो, थांबतो. मागची गाडी हळूच बाजूने निघते. जाता जाता दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना बोटभर हात दाखवतात. बस्स. एवढंच.

गंमत म्हणजे या सगळ्यात प्रॉब्लेम ड्रायव्हरला नसतो. प्रॉब्लेम असतो मागे बसलेल्या आपल्याला. “अहो, त्यांना का जाऊ देताय? आपण आधी आलो होतो!” हे वाक्य ताडोबाच्या गाइड मंडळींनी इतक्या वेळा ऐकलंय की ते त्यांना झोपेतही ऐकू येत असेल. आपण म्हणजे ना, ऑफिसच्या लिफ्टपासून लग्नाच्या बुफेपर्यंत सगळीकडे नंबर लावणारी माणसं. नंबर गेला की आपल्याला लुटल्यासारखं वाटतं.

पण बॉस, जंगलात नंबर नसतो.

जिप्सीत बसणारी माणसं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, वाघवाले. यांना मोर दाखवा, सांबर दाखवा, मधाचं पोळं तोडायला झाडावर चढलेलं अस्वल दाखवा, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. यांना तीन-साडेतीन तासांत वाघ हवा, तोही शक्यतो हेड-ऑन. म्हणजे सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा. दुसरे, पक्षीवाले. यांना एका झाडाखाली पंचवीस मिनिटं थांबून मानेला रग लागेपर्यंत घुबड बघायचं असतं. दोघांनीही पैसे सारखेच भरलेत, दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघं एकाच अरुंद रस्त्यावर एकामागे एक आहेत. भांडण व्हायला अजून काय लागतं?

तिकडे अमेरिकेत डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. गोल्फच, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती आणि भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याची पहिली कायमची मैदानं झाली आणि पुढे तो बागाबागांतून, झाडाझुडपांतून पसरला. चार मित्र गप्पा मारत, चकत्या शोधत रमतगमत खेळतायत आणि मागून दोघं जण भराभर येतायत, असं तिथे रोजच होतं. तिथला रिवाज सोपा. रमतगमतवाल्यांनी पुढच्या होलपाशी बाजूला व्हायचं, ‘या, तुम्ही जा’ म्हणायचं, त्यांनी चकत्या टाकून निघून जायचं. मोठ्या गोल्फच्या नियमांतही वेगाने येणाऱ्यांना पुढे जाऊ द्या, अशी शिफारस आहे. पण यात एक छोटी अट आहे आणि ती मला फार आवडते. पुढचं होल रिकामं असेल तरच. पुढे आधीच गर्दी असेल तर साइड मागण्यात अर्थ नाही, कारण मागच्याला सोडलं तरी तो जाऊन उभा राहणार त्याच रांगेत.

ताडोबाला ही अट अगदी फिट बसते. पुढचा रस्ता मोकळा असेल आणि मागच्याला घाई असेल तर द्या सोडून. पण वळणापलीकडे दहा जिप्सी आधीच उभ्या असतील तर तुम्ही मागचे असा की पुढचे, घुसून काही मिळत नाही. तिथे आपली जागा शेवटची. आणि ही शेवटची जागा वाटते तेवढी फालतू नाही. त्याकडे येतेच.

आधी धुळीचं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि तेव्हाच वाघ दिसायचे चान्सेस सगळ्यात जास्त, कारण पाणवठे आटलेले असतात. त्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर साइड दिली की पुढच्या जिप्सीची सगळी धूळ तुमच्या सनस्क्रीनवर. म्हणून अनुभवी ड्रायव्हर साइड दिल्यावर लगेच निघत नाही. इंजिन बंद करतो. दोन-तीन मिनिटं. धूळ खाली बसते, कान मोकळे होतात आणि तेवढ्यात कुठून तरी चितळाचा कॉल येतो. कॉल म्हणजे फोन नव्हे हं, वाघ-बिबट्या दिसला की हरणं आणि वानरं जो धोक्याचा आवाज काढतात तो. पळत्या गाडीत तो ऐकूच येत नाही. थांबलेल्या गाडीत येतो. पुढे गेलेले पुढे निघून गेले आणि वाघ मागे राहिला, असं इथे सर्रास होतं.

समोरून येणाऱ्या जिप्सीचा रिवाज आणखी मजेशीर आहे. दोन गाड्या बाजूबाजूला येतात, क्षणभर थांबतात आणि दोन गाइड हलक्या आवाजात बोलतात. पगमार्क कुठे आहेत, कुठल्या बाजूला गेलेत, कॉल कधी झाला. प्रश्न-उत्तर मिळून पंधरा सेकंद. ही इथली बातमीपत्रं. मध्ये मोबाइलचा जमाना आला तेव्हा या बातम्या फोनवरून फिरू लागल्या आणि एका पाणवठ्यावरची खबर सगळ्या जंगलातल्या जिप्सींना एकदम कळायला लागली. मग काय, दहा मिनिटांत जत्रा. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाइल वापरू देऊ नका, असे निर्देश दिले. सेल्फीवाल्यांना वाईट वाटलं असेल. बातमी पुन्हा तोंडी आणि सावकाश फिरली तर वाघाला तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळेल.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणारा डांबरी रस्ता आहे ना, त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळातले म्हणतात. गाइड सांगतात की या खांबांवरून दोर ओढलेले असायचे, त्याला घंटा बांधलेल्या आणि राजाची स्वारी निघाली की घंटा वाजवून पुढे वर्दी जायची. खरं-खोटं इतिहासकार बघतील. मला एवढंच वाटतं की साइड मागायची यापेक्षा स्टायलिश पद्धत कुणी काढली नसेल.

आता मुद्द्याचं. वाघ दिसला.

वाघाला कच्चे रस्ते आवडतात. काट्याकुट्यांपेक्षा मऊ मातीवर चालणं सोपं, शिवाय कडेच्या झाडांवर आपला वास सोडून हद्द आखत जाता येतं. त्यामुळे बऱ्याचदा तो रस्त्यावरच चालत येतो, थेट जिप्सींच्या दिशेने. अशा वेळी सगळ्या गाड्यांनी रिव्हर्स घ्यायचा असतो, म्हणजे वाघ आणि पहिली गाडी यांतलं अंतर टिकून राहतं आणि तो आपल्या चालीने चालत राहतो. आणि आता कळेल शेवटच्या जागेची किंमत. रांगेत सात जिप्सी असतील तर पहिली केव्हा मागे येणार? सहावी आल्यावर. सहावी केव्हा? सातवी हलल्यावर. म्हणजे अख्ख्या रांगेचं स्टिअरिंग त्या सगळ्यात मागच्या जिप्सीच्या हातात असतं, ज्यातल्या लोकांना धड वाघही दिसत नसतो! तिथले सहा जण सीटवर चढून “भाऊ, थोडं पुढे घ्या ना, आम्हाला काहीच दिसत नाहीये” करत असतात आणि ड्रायव्हरला त्याच क्षणी मागे घ्यायचं असतं. तो अर्धा मिनिट थबकला की पुढच्या सहा गाड्या अडकल्या. वाघ चालत येतोय, समोर लोखंडाची भिंत. तो मग झुडपात उतरतो. बरोबर बछडी असतील तर ती सैरभैर होतात, एखादं रस्त्याच्या या बाजूला, आई त्या बाजूला.

उगाच घाबरवत नाहीये. 31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, चंद्रपूरच्या उत्तरेला, गोठणगावची सफारी. थर्टी फर्स्टची गर्दी. एफ-2 नावाची वाघीण आणि तिची पाच बछडी रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी उभ्या राहिल्या. पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला वाट नाही. व्हिडिओ देशभर फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. ताडोबातही मे 2024 मध्ये वाघिणीभोवती गाड्यांचा गराडा पडल्याचा व्हिडिओ असाच गाजला होता.

दोन्ही वेळी कारवाई कुणावर झाली? ड्रायव्हर आणि गाइडवर. निलंबन. दंड. ज्यांनी पाठीवर टॅप करून “घ्या ना पुढे, काय होतंय” म्हटलं असेल ते सोमवारी ऑफिसात वाघाचे फोटो दाखवत असणार. त्यांचं नावही कुठे आलं नाही. गाइड मात्र मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा गेटलगतच्या गावांतली पोरं-पोरी. मोहर्लीत तर बायका गाइड आहेत, घरचं आवरून पहाटे गेटवर हजर. सफारी बंद म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. त्यातून कोअर पावसाळ्यात तीन महिने बंदच असतो. म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या नऊ महिन्यांत करायची आणि त्यातले महिना-दोन महिने तुमच्या एका हेड-ऑनपायी गेले तर?

म्हणजे ताडोबातली साइड ड्रायव्हर देत नाही. ड्रायव्हर फक्त स्टिअरिंग फिरवतो. साइड द्यायची की नाही हे मागे बसलेले ठरवतात. कसं? टिपने ठरवतात. वाघ दिसला तर पाचशे, नाही दिसला तर पन्नास, हे गणित ड्रायव्हरला पाठ असतं. तुम्ही तोंडाने “काही घाई नाही” म्हणालात तरी मागच्या पन्नास पार्ट्यांनी त्याला काय शिकवलंय ते तो विसरत नाही. म्हणून गाडीत बसतानाच, गेटच्या आत जायच्या आधी सांगून टाका. “ताई, भाऊ, वाघ दिसो न दिसो, टिप तेवढीच. कुणाला जायचं असेल त्याला जाऊ द्या.” आणि नंतर खरंच तेवढी द्या. यासारखा दुसरा उपाय माझ्या बघण्यात नाही. ड्रायव्हरचे खांदे तिथल्या तिथे सैल होतात, बघाच. एका गाइडताईचं उत्तर तर डोक्यात बसलंय. “तुमी असं म्हनता न जी, तं आमाले बी जंगल पाहाले भेटते.”

नियम काय म्हणतो तेही सांगते, कारण वाद घालायला आपल्याकडे कुणी ना कुणी असतोच. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. चालत्या दोन गाड्यांत किमान 50 मीटर. कुठल्याही वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर. प्राण्याला घेरायचं नाही. आणि साइटिंगला 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. हे शेवटचं पुन्हा वाचा. पुढची मोक्याची जागा मिळाली म्हणजे ती संध्याकाळपर्यंत तुमच्या नावावर झाली, असं नाही. फोटो झाले, डोळे भरून बघून झालं, आता गाइडला हळूच सांगा, निघू या. मागची गाडी पुढे येईल. त्यात कुणाची तरी आजी बसलेली असते, आयुष्यात एकदाच आलेली.

मोठ्या लेन्सवाल्यांनो, तुमच्यासाठी स्पेशल नोट. तुमची तोफ सुंदर आहे. पण तुम्ही सीटवर उभे राहता तेव्हा मागच्या तीन गाड्यांना वाघाऐवजी तुमचं जॅकेट दिसतं. बसा. बसून अँगलही चांगला येतो, खरंच.

इथपर्यंत सगळं गेटच्या आतलं. आत निदान गाइड असतो, दंड असतो, कोर्ट असतं. खरी पंचाईत गेटच्या बाहेर आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारा रस्ता बफरच्या जंगलातून जातो. सार्वजनिक रस्ता. तुम्ही रिसॉर्टवर चेक-इन करायला आपल्या एसयूव्हीतून निघालात आणि कडेला वाघ दिसला! फुकटात सफारी! गाडी रस्त्यावरच उभी, इंडिकेटर चालू, काचा खाली. मागे आणखी चार गाड्या. आता या रस्त्यावरून सायकलवर दूध घेऊन जाणारा माणूस येतो, मोटरसायकलवर नवरा-बायको-पोर येतात, एसटी येते. त्यांना वाघ बघायचा नसतो. त्यांना घरी जायचं असतं. तुम्ही लोखंडी डब्यात बसलाय, काचेचं बटण हाताशी आहे. सायकलवाल्याकडे काय आहे? तुमच्या गाड्यांनी रस्ता अडवला म्हणून तो मध्येच थांबतो, एका बाजूला तुमचे बंपर आणि दुसऱ्या बाजूला झुडपातला वाघ, ज्याला आता दोन्हीकडून कोंडल्यासारखं झालंय.

चंद्रपुरात वाघ म्हणजे वॉलपेपर नव्हे. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. इथल्या माणसाला वाघाच्या शेजारी रोज राहायचंय, आपण दोन रात्री-तीन दिवसांचे पाहुणे. तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर वाघ दिसला तर थांबायचं असेलच तर लांब, एका कडेला, काचा वर करून. आणि मोटरसायकलवाला आला तर त्याला आपल्या गाडीच्या आडोशाने, आपल्याबरोबर पुढे न्या. तो आणि आपण एकत्र पार व्हायचं. ही या रस्त्यावरची साइड.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलात तर आणखी एक मोठ्ठी पार्टी साइड मागते. ऑक्टोबर 2021 मध्ये ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती वेगळे, ते वनखात्याचे, माणसाळलेले. हे रानटी. ओळीने रस्ता ओलांडतात आणि शेपटाकडचा पार होईपर्यंत त्यांचा सिग्नल सुटत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये याच जिल्ह्यात सेल्फी घ्यायला जवळ गेलेल्या एका तरुणाचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. हत्ती दिसला तर गाडी लांब थांबवा, इंजिन चालू ठेवा, मागे जायची वाट मोकळी ठेवा. हो, पुन्हा तेच, मागची गाडी हलेल असं बघा.

आता एक पेच उरला. सफारीचा शेवटचा अर्धा तास. गेटवर ठरल्या वेळेत पोहोचायचं असतं, उशीर झाला तर बोलणी पुन्हा ड्रायव्हर-गाइडलाच. त्यामुळे इतका वेळ साधू झालेल्या सगळ्या जिप्सी अचानक एक्स्प्रेस-वेवर आल्यासारख्या निघतात आणि हेडलाइट जास्तच लुकलुकायला लागतात. इथे मात्र साइड मागणाऱ्यालाच सांगावंसं वाटतं की बाबा, तू शेवटचा वाघ बघायला वीस मिनिटं जास्त थांबलास, त्याचा हिशोब माझ्या आरशात कशाला? वेळेचं भान सफारीच्या मध्यावरच ठेवायचं. परतीचं अंतर किती, हे गाइडला विचारून घ्यायचं. मग शेवटी सावकाश येता येतं.

आणि सावकाश येण्यात एक फायदा आहे जो ब्रोशरमध्ये छापत नाहीत. सगळे पुढे निघून गेले की रस्ता रिकामा होतो. ऊन उतरतं, रानकोंबडा ओरडतो आणि इतका वेळ धुळीला आणि गोंगाटाला कंटाळून आत बसलेली मंडळी बाहेर यायला लागतात. रानकुत्र्यांची टोळी रस्त्यावरच आळस देत बसलेली दिसू शकते, अस्वल मोहाच्या झाडाखाली हुंगत फिरताना दिसू शकतं. एकदा अशाच रिकाम्या रस्त्यावर आमच्या गाइडने गाडी थांबवली, बोट ओठांवर ठेवलं आणि मागून येणाऱ्या जिप्सीला हाताने खुणावलं, जा पुढे. ती जिप्सी भुर्रकन गेली. आम्ही विचारलं, “त्यांना का नाही थांबवलं?”

“त्यायले घाई होती न जी,” तो म्हणाला आणि डावीकडच्या बांबूत बसलेल्या बिबट्याकडे बोट दाखवलं.